न हरलेले, न बोलावलेले

१९५१ च्या नोव्हेंबरअखेर अमेरिकेतला कॉलेज फुटबॉलचा हंगाम आवरत आला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतला एक संघ निमंत्रणाची वाट पाहत होता. नऊ सामने, नऊ विजय, एकही बरोबरी नाही. युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को हे विद्यापीठाचं नाव, डॉन्स हे संघाचं. जेझुइट धर्मगुरूंनी १८५५ मध्ये सुरू केलेली ही शिक्षणसंस्था शहरातल्या एका टेकडीवर वसलेली, आकाराने लहान आणि हाती पैसा बेताचा. पण त्या वर्षीच्या संघातले तीन खेळाडू पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. एका कॉलेजच्या एकाच वर्षीच्या संघातून तिघं तिथवर पोहोचावेत, ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

निमंत्रण आलं नाही. महिन्याभरात विद्यापीठाने फुटबॉलच बंद केला. ज्या संघाला कोणी मैदानावर हरवू शकलं नाही, तो हिशेबाच्या वहीत संपला. वरवर पाहता ही पैशांची गोष्ट आहे आणि बरीच वर्षं ती तशीच सांगितली गेली. पण त्या वहीतला तोटा भरून निघण्याचा रस्ता एका अटीपाशी अडला होता आणि ती अट पैशांची नव्हती.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही, म्हणून त्याबद्दल थोडं सांगतो. अंडाकृती चेंडू, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू, शंभर यार्डांचं मैदान. चेंडू ज्यांच्या हातात आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. सरकले तर पुन्हा चार, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे सहा गुण. चेंडू बाळगणाऱ्याला त्याच्याच शेवटच्या रेषेमागे लोळवला, तर बचाव करणाऱ्यांना दोन गुण. प्रत्येक प्रयत्नात अंगावर अंग आदळतं आणि मार लागतो. म्हणून या खेळात शेजारी उभ्या असलेल्या माणसावर जितकं अवलंबून राहावं लागतं, तितकं फार थोड्या खेळांत लागत असेल.

डॉन्सचे प्रशिक्षक होते जो कुहॅरिक. स्वतः नोत्र दामसारख्या नावाजलेल्या कॅथलिक विद्यापीठाकडून खेळलेले, नंतर व्यावसायिक संघातही राहिलेले. १९४८ मध्ये त्यांनी हा संघ हातात घेतला, त्या पहिल्या वर्षी दोन विजय आणि सात पराभव पदरात पडले. पुढच्या वर्षी सात विजय, तीन पराभव. १९५० मध्ये सात विजय, चार पराभव. म्हणजे १९५१ चा संघ आकाशातून पडलेला नव्हता, तीन वर्षं तो घडत होता. हंगामापूर्वीचं शिबिर कुहॅरिक यांनी कॉर्निंग नावाच्या गावी नेलं. सॅक्रमेंटोच्या खोऱ्यातलं हे ऑलिव्हच्या बागांचं गाव. सॅन फ्रान्सिस्कोची मुलं समुद्रावरच्या गार धुक्यात वाढलेली, आणि कॉर्निंगचं ऑगस्टमधलं ऊन चाळिशीला टेकणारं. त्या उन्हात जाड पॅड आणि हेल्मेट घालून रोज सराव. त्या शिबिराच्या आठवणी खेळाडू म्हातारपणीही काढत. कुहॅरिक कोणालाही सवलत देत नसत, हे सगळ्यांच्या सांगण्यात सारखंच येतं.

ही मुलं कोण होती ते पाहिलं, तर पुढे काय झालं याचा निम्मा उलगडा होतो. जिनो मार्केटी हा इटलीतून आलेल्या आईबापांचा मुलगा, कॅलिफोर्नियातल्या अँटिओक गावचा. शाळा अर्धवट टाकून तो सैन्यात गेला, युरोपातल्या युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात आघाडीवर लढला, आणि परतल्यावर कॉलेजात आला. बॉब सेंट क्लेअर सॅन फ्रान्सिस्कोचाच, उंची सहा फूट नऊ इंच, कच्चं मांस खाण्यासाठी प्रसिद्ध. चढाईची सूत्रं हलवणारा क्वार्टरबॅक एड ब्राउन पुढे शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाचा झाला. बहुतेक मुलं कष्टकरी घरांतली होती. काही जण मार्केटीसारखे युद्ध पाहून आलेले, म्हणजे नेहमीच्या कॉलेजकुमारांपेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठे.

आणि दोघं कृष्णवर्णीय. ऑली मॅटसन टेक्ससमधल्या ट्रिनिटी गावी जन्मला, पोरवयात आईबरोबर सॅन फ्रान्सिस्कोत आला आणि तिथल्या शाळेत धावपटू म्हणून नावारूपाला आला. बर्ल टोलर टेनेसीतल्या मेम्फिसचा. हायस्कूलमध्ये तो फुटबॉल खेळलाच नव्हता. दोघं भेटले सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात. १९४८ मध्ये त्या कॉलेजचा संघ बाराच्या बारा सामने जिंकला आणि दोघं जोडीने टेकडीवरच्या विद्यापीठात दाखल झाले. मॅटसन चेंडू घेऊन धावायचा, तर टोलर लाइनबॅकर, म्हणजे समोरचे चेंडू घेऊन आले की त्यांना अडवून खाली पाडणारा. मॅटसन संघाचा चेहरा होता. पण त्याच संघातले कितीतरी जण पुढे आयुष्यभर सांगत राहिले की आमच्यातला सर्वांत चांगला खेळाडू टोलर होता. हॉल ऑफ फेममध्ये गेलेली माणसं न गेलेल्या माणसाबद्दल असं सांगतात, तेव्हा त्याला वजन असतं.

या संघाची बातमी वर्तमानपत्रांत पोहोचवण्याचं काम पंचविशीतला एक तरुण करत होता. त्याचं नाव पीट रोझेल. विद्यापीठाचा नुकताच पदवीधर झालेला, क्रीडा विभागाचा प्रसिद्धी अधिकारी. टंकलेखन यंत्रावर पत्रकं बडवायची, पत्रकारांना फोन करायचे, मॅटसनचे आकडे त्यांच्या कानावर घालायचे, हा त्याचा दिनक्रम. पुढे १९६० मध्ये हाच माणूस अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा आयुक्त झाला आणि जवळजवळ तीस वर्षं त्या खुर्चीवर राहिला.

हंगामाची सुरुवात सॅन होझे स्टेटवरच्या ३९-२ अशा विजयाने झाली. आयडाहोला २८-७, कॅम्प पेंडल्टनच्या मरीन सैनिकांना २६-०, मग पुन्हा सॅन होझेला ४२-७. घरचे सामने गोल्डन गेट पार्कमधल्या केझार स्टेडियमवर होत. तिथे जवळपास साठ हजार माणसं मावत, पण या संघासाठी ते क्वचितच भरे. त्याच मैदानावर १९४६ पासून फोर्टीनाइनर्स हा व्यावसायिक संघ खेळू लागला होता आणि शहरातला प्रेक्षक त्याच्याकडे वळत होता. शेजारच्या सेंट मेरीज या कॅथलिक कॉलेजने नुकताच, १९५० च्या हंगामानंतर, फुटबॉल गुंडाळला होता. टेकडीवरच्या मंडळींनाही वारा कुठून वाहतोय ते कळत होतं.

२० ऑक्टोबरला संघ न्यूयॉर्कमध्ये होता. ईस्ट नदीतल्या रँडल्स बेटावर, ट्रायबरो स्टेडियममध्ये फोर्डहॅम या दुसऱ्या जेझुइट विद्यापीठाविरुद्धचा सामना. पूर्वेच्या पत्रकारांनी आपला संघ डोळ्यांनी पाहावा, यासाठी रोझेलने जिवाचं रान केलं होतं. आणि त्या दिवशी डॉन्सचा बचाव नेहमीसारखा चालला नाही. फोर्डहॅमने २६ गुण मिळवले. उरलेल्या आठही सामन्यांत मिळून डॉन्सविरुद्ध ४६ गुण झाले, हे लक्षात घेतलं म्हणजे तो दिवस किती अवघड गेला ते समजतं.

तो दिवस वाचवला मॅटसनने. गुण झाले की गुण मिळवणारा संघ चेंडू लांब लाथाडून समोरच्यांच्या हवाली करतो. चेंडू हवेत असतानाच दहा माणसं पूर्ण वेगाने मैदान कापत येतात, जेणेकरून झेलणाऱ्याला पाऊल टाकायलाही जागा राहू नये. मॅटसन आपल्या अगदी शेवटच्या टोकाला उभा. सहा फूट दोन इंच उंची, पंचाण्णव किलोच्या घरातलं वजन, आणि पाय ऑलिंपिकच्या धावपटूचे. असा चेंडू एकदा झेलून तो ९४ यार्ड धावला तो थेट टचडाउनपर्यंत. दुसऱ्यांदा ९० यार्ड. दोन्ही खेपांना अख्खं मैदान, अकरा माणसांमधून. सामना ३२-२६ असा संपला. फरक सहा गुणांचा, म्हणजे एका टचडाउनचा. त्या हंगामातला हा एकच अटीतटीचा सामना. बाकीचे सगळे डॉन्सनी अठरा किंवा अधिक गुणांनी जिंकले.

त्याच ऑक्टोबर महिन्यात ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर गावी आणखी एक सामना झाला. ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट हा देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. चेंडू त्याच्यापासून दूर गेलेला असताना यजमान संघाच्या एका गोऱ्या खेळाडूने त्याच्या तोंडावर हाताचा तडाखा हाणला. सामन्याच्या पहिल्या काही मिनिटांतच असं पुन्हा पुन्हा झालं आणि ब्राइटचा जबडा मोडला. आयोवातल्या डी मॉइन गावच्या वर्तमानपत्राच्या दोन छायाचित्रकारांनी तो प्रकार एकापाठोपाठ एक अशा छायाचित्रांत टिपला. ती छायाचित्रं देशभर गेली आणि १९५२ चं पुलित्झर पारितोषिक त्यांना मिळालं. पुरावा इतका ढळढळीत असूनही मारणाऱ्यावर काही कारवाई झाली नाही. कृष्णवर्णीय खेळाडू असलेला संघ १९५१ मध्ये कुठे जाऊ शकत होता आणि तिथे त्याचं काय होऊ शकत होतं, हे या एका घटनेवरून कळतं.

न्यूयॉर्कहून परतल्यावर सॅन डिएगोच्या नौदल केंद्राला २६-७ आणि सांता क्लारालाही २६-७ असं हरवून डॉन्स १७ नोव्हेंबरला स्टॉकटन शहरी गेले. तिथे कॉलेज ऑफ द पॅसिफिक हा पश्चिम किनाऱ्यावरचा दुसरा तगडा स्वतंत्र संघ होता. जो जिंकेल त्याला नववर्षाच्या मोठ्या सामन्याचं निमंत्रण येईल, असं सगळे धरून चालले होते. डॉन्सनी तो सामना ४७-१४ असा जिंकला.

ही नववर्षाच्या सामन्यांची पद्धत समजून घ्यायला हवी. हंगाम संपल्यावर १ जानेवारीच्या आसपास निवडक संघांना बोलावून मोठे सामने भरवले जात. त्यांना बाउल म्हणतात. बहुतेक बाउल त्या त्या शहरातले व्यापारी, हॉटेलवाले आणि पुढारी मिळून समिती करून भरवत. हिवाळ्यात उबदार हवेच्या शहरात पाहुणे यावेत, हा मूळ हेतू. बोलावलेल्या संघाला तिकिटांच्या उत्पन्नात वाटा मिळे आणि एका सामन्यात कॉलेजच्या क्रीडा विभागाचं वर्ष तरून जाई. सर्वांत जुना पासाडेनाचा रोझ बाउल. पण १९४६ मध्ये झालेल्या करारानुसार तिथे पॅसिफिक किनाऱ्याच्या आणि मध्य-पश्चिमेच्या मोठ्या संघटनांचे विजेतेच खेळत. डॉन्स कुठल्याच संघटनेत नव्हते. म्हणजे त्यांच्यासाठी उरले मायामीचा ऑरेंज, न्यू ऑर्लीन्सचा शुगर, जॅक्सनव्हिलचा गेटर, डॅलसचा कॉटन, एल पासोचा सन. सगळे दक्षिणेत. जिथे बस, शाळा, खानावळ, पिण्याच्या पाण्याचा नळ, सगळं गोऱ्या-काळ्यांसाठी कायद्याने वेगळं होतं, त्या दक्षिणेत.

उत्तरेतले बरेच संघ याच्याशी जुळवून घेत. दक्षिणेत खेळायला जाताना आपला कृष्णवर्णीय खेळाडू घरी ठेवून जायचा, असा अलिखित समझोता वर्षानुवर्षं चालत आलेला. त्याला सभ्य लोकांचा करार म्हणत. सगळ्यांनी तो पाळला असंही नाही. पेन स्टेटच्या संघाने १९४६ मध्ये मायामीला जायचंच नाकारलं, आणि १ जानेवारी १९४८ ला त्यांचे कृष्णवर्णीय खेळाडू वॉली ट्रिपलेट आणि डेनी हॉगर्ड डॅलसच्या कॉटन बाउलमध्ये खेळले, तेही दक्षिणेतल्या संघाविरुद्ध. १९४८ च्या शेवटी पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजला सन बाउलचं बोलावणं आलं, पण डेव्हिड शोवेल या कृष्णवर्णीय खेळाडूला सोडून या, असं समितीचं म्हणणं होतं. कॉलेजने निमंत्रण परत केलं. त्यावर एवढा गवगवा झाला की एल पासोला आपली बंदी पुढे सैल करावी लागली. म्हणजे दार उघडू शकत होतं. उघडायचं की नाही, हे माणसं ठरवत होती.

स्टॉकटनच्या विजयानंतर डॉन्सपुढे हीच अट आली. ऑरेंज बाउलला यायचं असेल तर मॅटसन आणि टोलर यांना मागे ठेवून या. अट कधी, कुठे आणि कोणाच्या तोंडून कळली, याबद्दल खेळाडूंच्या आठवणींत थोडाफार फरक आहे. असल्या अटी कागदावर उतरत नसत, त्यामुळे तो असणारच. उत्तराबद्दल मात्र कोणाच्या आठवणीत फरक नाही. संघाने नाही म्हटलं. त्यासाठी सभा भरली नाही, मतदान झालं नाही, भाषणं झाली नाहीत. मार्केटी आणि सेंट क्लेअर या दोघांनीही नंतर अनेकदा सांगितलं की यात विचार करण्यासारखं आम्हाला काही वाटलंच नाही.

मला या हंगामातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. ही पोरं नागरी हक्कांच्या चळवळीतली नव्हती. ती चळवळ देशाच्या नजरेत भरायला अजून चार वर्षं होती. ती नजरेत आणणारा माँटगोमेरीचा बस बहिष्कार डिसेंबर १९५५ मधला. यांच्यापैकी कोणी पत्रक काढलं नाही की वर्तमानपत्राकडे गेलं नाही. कॉर्निंगच्या उन्हात एकत्र भाजून निघालेल्या माणसांना आपल्यातल्या दोघांना सोडून जाणं अशक्य वाटलं, इतकंच. आणि नाही म्हणणं फुकटचं नव्हतं. ज्यांचा तो शेवटचा हंगाम होता त्यांना देशभर दिसण्याची ती एकमेव संधी होती. विद्यापीठाचा क्रीडा विभाग तोट्यात आहे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

अटीची जाहीर वाच्यता झाली नाही. जाहीर कारण दिलं गेलं ते वेगळंच: डॉन्सचं वेळापत्रक हलकं आहे, ते कोणा मोठ्यांशी खेळलेले नाहीत. बहुतेकांनी ते खरं मानलं आणि त्यात तथ्य अजिबात नव्हतं असंही नाही. नऊपैकी दोन सामने लष्करी तळांच्या संघांशी, दोन सॅन होझेशी. खाडीपलीकडचं कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि दक्षिणेकडचं स्टॅनफर्ड हे शेजारचे बलाढ्य संघ त्यांच्या यादीत नव्हते. लहान पण तगड्या संघाशी खेळण्यात मोठ्यांचा तोटाच असतो. जिंकलं तर कौतुक नाही, हरलं तर नाचक्की.

पण हे कारण तपासून पाहिलं तर टिकत नाही. सांता क्लारा हे डॉन्सचं शेजारचं विद्यापीठ, तेही जेझुइट, तेही लहान. १९३७ आणि १९३८ मध्ये लागोपाठ दोनदा त्याला शुगर बाउलला बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा त्यांनी लुइझियाना स्टेटला हरवलं. त्याहून जवळचं उदाहरण म्हणजे जानेवारी १९५० मध्ये हेच सांता क्लारा ऑरेंज बाउलमध्ये केंटकीशी खेळलं आणि २१-१३ असं जिंकलं. सेंट मेरीजही १९४६ मध्ये शुगर बाउलला गेलं होतं. म्हणजे किनाऱ्यावरच्या लहान कॅथलिक कॉलेजला बोलावण्यात या समित्यांना अडचण नव्हती. १९५१ मध्ये डॉन्सनी त्याच सांता क्लाराला १९ गुणांनी हरवलं होतं. असोसिएटेड प्रेसच्या देशव्यापी क्रमवारीत डॉन्स चौदावे होते, तर त्यांच्या खाली असलेल्या क्लेमसनला गेटर बाउलचं बोलावणं आलं. आणि स्टॉकटनला ४७-१४ असा मार खाल्लेलं पॅसिफिक सन बाउलमध्ये टेक्सस टेकविरुद्ध खेळलं. ऑरेंजला जॉर्जिया टेक आणि बेलर गेले, शुगरला मेरीलँड आणि टेनेसी. ही यादी समोर ठेवली की वेळापत्रकाचं कारण पुरं पडत नाही.

शेवटचा सामना २४ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसच्या लोयोला विद्यापीठाशी होता. तो पासाडेनाला रोझ बाउलच्या मैदानावरच झाला. नववर्षाच्या दिवशी जिथे त्यांना प्रवेश नव्हता, तिथे हंगामाच्या शेवटच्या शनिवारी ते खेळले आणि २०-२ असे जिंकले. हंगामात त्यांनी एकंदर २८६ गुण केले आणि ७२ दिले. मॅटसन १,५६६ यार्ड धावला, त्या वर्षी देशात सर्वाधिक. २१ टचडाउन त्याच्या नावावर लागले. सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइजमन पारितोषिकाच्या मतदानात तो नववा आला.

वर्ष सरता सरता विद्यापीठाने फुटबॉल थांबवत असल्याचं जाहीर केलं. कारण तोट्याचं दिलं आणि ते खोटं नव्हतं. लोयोलाने त्याच हंगामानंतर फुटबॉल सोडला, सांता क्लाराने पुढच्या, फोर्डहॅमने १९५४ नंतर. व्यावसायिक संघ आणि घरातला टेलिव्हिजन यांच्यापुढे ही लहान कॅथलिक विद्यापीठं टिकत नव्हती. बाउलचा पैसा आला असता तरी डॉन्सचा फुटबॉल किती वर्षं चालला असता, याची मला शंकाच आहे. एखाददुसरं वर्ष मिळालं असतं. त्या एखाददुसऱ्या वर्षाचीही सेंट क्लेअरसारख्या मुलाला किंमत होती. त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष शिल्लक होतं, ते खेळायला त्याला ओक्लाहोमातल्या टल्सा विद्यापीठात जावं लागलं. पुढे टेकडीवर फुटबॉल काही काळ परतला, पण त्या दर्जाचा नव्हे. विद्यापीठाचं नाव क्रीडाजगतात पुन्हा गाजलं ते बास्केटबॉलमुळे. बिल रसेल आणि के. सी. जोन्स या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बळावर त्याने १९५५ आणि १९५६ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

कुहॅरिक १९५२ मध्ये शिकागो कार्डिनल्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक झाले. त्या संघाने कॉलेज खेळाडूंच्या वार्षिक निवडीत मॅटसनला पहिल्या फेरीत, एकंदरीत तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पण आधी तो हेलसिंकीला गेला. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावण्यात कांस्य आणि ४ × ४०० मीटर रिलेत रौप्य अशी दोन पदकं घेऊन आला. याच हेलसिंकीत, त्याच जुलै महिन्यात कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. खाशाबांना तिथे पाठवण्यासाठी त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांना घर गहाण टाकावं लागलं होतं. १९५९ मध्ये मॅटसनला लॉस एंजेलिस रॅम्सने घेतलं, तेव्हा त्या एकट्याच्या बदल्यात नऊ खेळाडू द्यावे लागले. तो सौदा करणारा रॅम्सचा व्यवस्थापक होता पीट रोझेल. मॅटसन आणि मार्केटी १९७२ मध्ये एकाच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये गेले, सेंट क्लेअर १९९० मध्ये. सेंट क्लेअर मधल्या काळात सॅन फ्रान्सिस्कोला लागून असलेल्या डेली सिटीचा महापौरही झाला. केझारच्या मैदानाला आज त्याचं नाव आहे. मॅटसनची अखेरची वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. २०११ मध्ये तो वारला. त्याच्या मेंदूच्या तपासणीत वर्षानुवर्षांच्या आघातांनी होणारा आजार आढळला. या खेळाने त्याला जे दिलं आणि त्याच्याकडून जे घेतलं, ते दोन्ही लिहायला हवं.

टोलरची वाट निराळी झाली. १९५२ च्या ऑगस्टमध्ये शिकागोत कॉलेजच्या निवडक खेळाडूंचा व्यावसायिक विजेत्यांशी सामना झाला. त्यात त्याचा गुडघा असा दुखावला की खेळणंच संपलं. आयुष्यात एकही व्यावसायिक सामना तो खेळला नाही. तो शिक्षक झाला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या बेंजामिन फ्रँकलिन मिडल स्कूलचा मुख्याध्यापक. १९६५ मध्ये रोझेलच्या लीगने त्याला पंच म्हणून घेतलं. अमेरिकेतल्या कोणत्याही प्रमुख व्यावसायिक खेळातला तो पहिला कृष्णवर्णीय पंच. आठवडाभर शाळा आणि रविवारी शिट्टी, असं त्याने वर्षानुवर्षं केलं. पंच म्हणून तो पंचवीस हंगाम उभा राहिला. दक्षिणेतल्या बाउलची दारं तोवर एकेक करून उघडत गेली होती. १९५६ मध्ये जॉर्जियाचे गव्हर्नर मार्विन ग्रिफिन यांनी आकाशपाताळ एक करूनही पिट्सबर्गचा कृष्णवर्णीय खेळाडू बॉबी ग्रिअर शुगर बाउलमध्ये खेळला. २० जानेवारी १९८० ला टोलर सुपर बाउलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात उतरला, त्या सामन्याचा पहिला कृष्णवर्णीय पंच म्हणून. सामना पासाडेनाच्या रोझ बाउलवर होता, जिथे डॉन्सकडून तो शेवटचा खेळला होता.

विद्यापीठाने या संघाची दखल उशिरा घेतली. २००६ मध्ये हयात असलेल्या खेळाडूंना मानद डॉक्टरेट देण्यात आली. टोलर २००९ मध्ये गेला. टेकडीवरच्या एका वसतिगृहाला जेम्स फेलन यांचं नाव होतं. ते शहराचे महापौर आणि नंतर सिनेटर. १९२० च्या निवडणुकीत कॅलिफोर्निया गोऱ्यांचाच राहिला पाहिजे, अशी उघड घोषणा देऊन त्यांनी जपानी स्थलांतरितांविरुद्ध मतं मागितली होती. विद्यार्थ्यांनी हे नाव काढण्याची मागणी लावून धरली. २०१७ मध्ये ते काढलं गेलं आणि इमारतीचं नाव टोलर हॉल झालं.